मीटरमागचा दिवा

जुन्या जीपमध्ये ड्रायव्हरच्या पुढ्यात एक पत्र्याची पाटी असते. तिला डॅशबोर्ड म्हणतात. पाटीवर गोल गोल मीटर बसवलेले असतात. एक काटा गाडीचा वेग सांगतो. दुसरा टाकीत तेल किती उरले ते सांगतो. तिसरा इंजिनातले पाणी किती तापले ते सांगतो. चौथा ऑइलचा दाब सांगतो. एखाद्या गाडीत याच पाटीवर घड्याळही असते.

दिवसा हे सगळे काटे दिसतात. रात्री दिसत नाहीत. म्हणून मीटरच्या आत किंवा मागे एक बारका दिवा ठेवलेला असतो. करंगळीच्या पेराएवढा. तो मीटरची चकती उजळतो. घड्याळ असेल तर त्याच्यामागेही असाच दिवा असतो.

हा दिवा गेला म्हणून गाडी काही थांबत नाही. इंजिन चालू होते, पुढचे दिवे लागतात, हॉर्न वाजतो. त्यामुळे या दिव्याकडे कोणी लक्ष देत नाही. “बघू पुढच्या आठवड्यात,” असे म्हणत वर्ष निघून जाते.

पण जरा विचार करा. रात्रीची वेळ आहे. तेलगावकडून एक जीप आजारी माणसाला घेऊन अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात निघाली आहे. वाटेत धारूरचा घाट चढायचा आहे. गाडी भरलेली, चढ मोठा, रेडिएटरला बारीकशी गळती. पाणी तापत चालले आहे. काटा सरकत सरकत लाल खुणेला टेकला आहे. काटा आपले काम चोख करतो आहे, पण तो ड्रायव्हरला दिसतच नाही! मीटरमागचा दिवा गेलेला. वाफ बाहेर आली तेव्हा कळले. तोवर इंजिनाचे हेड वाकले, गाडी घाटात उभी राहिली, आणि आजारी माणूस आत कण्हत पडला.

काही ड्रायव्हर यावर तोड काढतात. एका हाताने स्टेअरिंग धरतात आणि दुसऱ्या हाताने मोबाइलची बॅटरी मीटरवर मारतात. ही तोड रोगापेक्षा वाईट. घाटात दोन्ही हात स्टेअरिंगवर पाहिजेत, आणि नजर रस्त्यावर.

आधी गाडीच्या मागे जा

दिवा गेला की सगळे जण पाटीखाली डोके घालतात. थांबा. आधी नीट बघा, एकच मीटर अंधारले आहे की सगळी पाटी?

एकच मीटर अंधारले असेल तर बहुधा त्याचा दिवा उडाला असेल, किंवा त्याच्या होल्डरमध्ये गंज धरला असेल. काम सोपे आहे.

सगळी पाटी एकदम अंधारली असेल तर गोष्ट वेगळी. चार दिवे एकाच वेळी उडत नाहीत. आधी मंद करायची खुंटी फिरवून बघा. ती कोणीतरी पार मंद करून ठेवलेली असते, आणि आपण उगाच दिवे काढत बसतो. तिच्यात दोष नसेल, तर वरून येणारी वीजच थांबली आहे. मग पाटीखाली शिरू नका. गाडीतून उतरा आणि मागे जाऊन बघा. मागचा लाल दिवा लागतो आहे का?

हे कशासाठी? पुष्कळ जुन्या गाड्यांत मीटरचे दिवे आणि मागचे लाल दिवे एकाच फ्यूजवर असतात. फ्यूज उडाला की दोन्ही जातात. पाटी अंधारलेली आपल्याला दिसते. मागचा लाल दिवा गेलेला आपल्याला दिसत नाही. तो मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला दिसायला हवा होता, पण त्यालाही आता दिसत नाही. उसाच्या हंगामात रात्रीच्या अंधारात बिनदिव्याची ट्रॉली पुढे आली की काळजात कसे धस्स होते, हे आपण जाणतोच. आपली गाडी तशी होऊ द्यायची नाही. मागचा दिवा बंद असेल तर गाडी रस्त्यावर काढू नका. मीटरचा दिवा एक वेळ राहू द्या, पण लाल दिवा आधी लावा.

दिव्यावर काय लिहिले आहे?

समजा एक ड्रायव्हर आहेत. आपण त्यांना आण्णा म्हणू. आण्णांच्या जीपचा दिवा गेला. ते दुकानात गेले.

“जीपच्या मीटरचा बल्ब द्या.”

“कोणता देऊ?” दुकानदाराने विचारले.

“कोणता म्हंजे? मीटरचा.”

“आण्णा, मीटरचे बल्ब लै जातीचे आहेत. जुना आणलाव का?”

आण्णांनी खिशातून जुना दिवा काढला. दुकानदाराने चष्मा शोधला, सापडला नाही. मग आण्णांनीच दिवा उजेडात धरला. टोपीवर बारीक अक्षरे होती. आण्णा रात्रीच्या वर्गात जात होते. त्यांनी एकेक अक्षर लावून वाचले.

ती अक्षरे आपणही वाचायला शिकू. ती इंग्रजी असतात, पण घाबरू नका. मोजून पाच खुणा आहेत.

पहिली खूण उभी काठी. हा इंग्रजी एक. तिच्या शेजारी दोन. इंग्रजी दोन आपल्या दोनासारखाच असतो. दोन्ही मिळून झाले १२. पुढे दोन तिरप्या रेघा खाली टोकाला जुळलेल्या. हे अक्षर व्ही. व्ही म्हणजे व्होल्ट. मग एक आकडा, बहुधा ३, तोही आपल्या तीनाशी जुळणारा. शेवटी दोन व्ही शेजारी शेजारी जोडल्यासारखे अक्षर. ते डब्ल्यू. डब्ल्यू म्हणजे वॅट.

आता सगळे मिळून वाचा. १२ व्होल्ट, ३ वॅट.

आपल्या अंबाजोगाईत दासोपंतांची समाधी आहे. त्यांनी लांबच लांब पासोडीवर, म्हणजे कापडावर, ग्रंथ लिहिला. ज्या गावात कापडावरचा ग्रंथ जपून ठेवला आहे, तिथल्या माणसाने टोपीवरच्या पाच खुणांना का भ्यावे?

व्होल्ट म्हणजे विजेचा जोर. विहिरीवरच्या टाकीचे पाणी जितक्या उंचावरून येते, तितक्या जोराने ते नळातून पडते. तसेच हे समजा. घरातल्या विजेचा जोर २३० व्होल्ट असतो. गाडीच्या बॅटरीचा जोर १२ व्होल्ट. बॅटरीच्या एका खणात साधारण २ व्होल्ट असतात. पाणी भरायची झाकणे असलेली बॅटरी असेल तर झाकणे मोजा. सहा झाकणे म्हणजे सहा खण. सहा दुणे बारा. फार जुन्या काही जीपांत तीन खणांची बॅटरी असे. तीन दुणे सहा, म्हणजे ६ व्होल्ट. मोठ्या ट्रकमध्ये बहुधा दोन बॅटऱ्या जोडलेल्या असतात. बारा दुणे चोवीस.

बॅटरीचा जोर आणि दिव्यावरचा आकडा जुळला पाहिजे. ६ व्होल्टचा दिवा १२ च्या गाडीत घातला तर क्षणात उडतो. ट्रकचा २४ व्होल्टचा दिवा जीपमध्ये घातला तर तांबूस मिणमिणतो. मग माणूस म्हणतो, “बॅटरी उतरली.” बॅटरी बिचारी ठीक असते.

वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो. मीटरचे दिवे कमी खाणारे असतात, २ ते ३ वॅटचे. काही जण जास्त उजेडासाठी ५ किंवा १० वॅटचा दिवा बसवतात. तसे करू नये. दिव्याची वीज उजेडापेक्षा उष्णतेतच जास्त जाते. मीटरच्या बंद डबीत ती उष्णता कोंडते. प्लॅस्टिक वितळते, चकतीवरचा रंग करपतो. दोन पैशांच्या उजेडापायी मीटर जातो.

आणखी एक बघायचे. दिव्याची टोपी. काही दिव्यांना आटे असतात, ते फिरवून बसतात. काहींना दोन बाजूंना बारीक खिळ्या असतात. घरातल्या जुन्या बल्बसारखे ते दाबून फिरवावे लागतात. काहींना टोपीच नसते, नुसत्या काचेचे चपटे बूड असते. हे सरळ ओढले की निघतात. एकाच्या जागी दुसरा बसत नाही. म्हणून दुकानात जाताना जुना दिवा खिशात घालून न्या. तो उडालेला असला तरी अजून कामाचा आहे.

बॅटरीची तार आधी

आता काम. गाडी सपाट जागी लावा. हँडब्रेक ओढा. चावी काढा. काम दिवसा उजेडी करा.

पाटीमागे हात घालण्याआधी बॅटरीची एक तार सोडायची. हे काम चुकवू नका. पुष्कळ जुन्या जीपांत विजेची आवक-जावक दाखवणारा मीटर असतो. त्याच्या मागे जाड तारा असतात. चावी काढली तरी त्या तारांत बॅटरीची वीज असतेच. तिथे पान्हा किंवा हातातले कडे लोखंडाला आणि तारेला एकदम टेकले की ठिणगी उडते. तार लालबुंद होते. कडे हातातच तापते, निघता निघत नाही. म्हणून अंगठी आणि कडे आधी काढून ठेवा.

कोणती तार सोडायची? बॅटरीला दोन तारा असतात. एक तार गाडीच्या चासीला, लोखंडाला बसवलेली दिसेल. तिला अर्थ म्हणतात. तीच आधी सोडायची. हिचा नट सोडताना पान्हा बॉडीला लागला तरी काही होत नाही, कारण ती तार आधीच बॉडीला जोडलेली आहे. दुसरी तार आधी सोडायला गेलात आणि पान्हा बॉडीला लागला, तर बॅटरीची सगळी वीज पान्ह्यातून धावते. बहुतेक गाड्यांत अर्थची तार वजा खुणेची असते. पण काही जुन्या गाड्यांत ती अधिक खुणेची असे. म्हणून नुसती खूण पाहू नका, तार कुठे गेली आहे ते डोळ्यांनी पाहा. काम झाल्यावर हीच तार सगळ्यांत शेवटी जोडायची.

जीपची पाटी मागून मोकळी असते. खालून हात जातो. मोटारीचे तसे नाही. ॲम्बेसेडर किंवा पद्मिनीत जागा अडचणीची असते. मीटरची पेटी थोडी पुढे घ्यावी लागते. ॲम्बेसेडरचे उत्पादन २०१४ साली बंद झाले. मुंबईत वर्षानुवर्षे धावलेली पद्मिनी टॅक्सी २०२३ साली रस्त्यावरून गेली. पण खेड्यापाड्यांत आणि हौशी लोकांच्या दारात या गाड्या अजून उभ्या आहेत. त्यांचे सुटे भाग मिळायला कष्ट पडतात. म्हणून जे हातात आहे ते मोडायचे नाही.

पाटीमागे तीन गोष्टी जपायच्या. एक, स्पीडची केबल. पेटी ओढताना ती ताणू नका. दुसरी, पाण्याच्या मीटरची बारीक नळी. काही जुन्या गाड्यांत तांब्याची केसासारखी पोकळ नळी इंजिनापर्यंत गेलेली असते. ती मुरडली किंवा तुटली की मीटर कायमचा मेला. तिसरी, ऑइलची नळी. काही गाड्यांत इंजिनाचे ऑइल थेट मीटरपर्यंत येते. ती नळी ढिली झाली तर गरम ऑइल ड्रायव्हरच्या पायावर उडते. तारा हलवल्या तर चालतील, नळ्या मात्र हलवू नका.

आता दिव्याचा होल्डर बोटांनी चाचपा. तो मीटरच्या पाठीत खोचलेला असतो. काही होल्डर सरळ मागे ओढले की येतात, काही पाव फेरा फिरवून येतात. तारेला धरून ओढू नका, होल्डरला धरा. दिवा काढा आणि उजेडात धरा. आतली बारीक तार तुटलेली दिसेल, किंवा काच आतून काळी झालेली दिसेल.

ही तार टंगस्टन नावाच्या धातूची असते. वीज गेली की ती तापून पांढरी होते आणि उजेड देते. हा धातू सुमारे ३,४०० अंश उष्णतेपर्यंत वितळत नाही, म्हणून तो निवडला आहे. तरी तापून तापून त्याचा कण कण उडतो आणि काचेवर काळा थर देतो. तार झिजते. दिवा बहुधा लावतानाच का उडतो, हे आपल्याला नेहमी कोडे वाटते. थंड तार विजेला फार अडवत नाही. खटका दाबला की पहिल्या क्षणी पुष्कळ वीज आत घुसते. झिजलेली तार तो झटका सोसत नाही.

कधी दिवा पाहून काहीच कळत नाही. मग सोपी परीक्षा करा. शेजारच्या चालू मीटरचा दिवा काढा, त्याच जातीचा असेल तर, आणि या होल्डरमध्ये घाला. बॅटरीची तार जोडून खटका दाबा. लागला, तर जुना दिवा गेला आहे. नाही लागला, तर दिवा चांगला आहे, दोष होल्डरमध्ये किंवा तारेत आहे. या परीक्षेला पैसा लागत नाही. “पूर्ण मीटरच बदलावा लागेल,” असे कोणी म्हणाले तर आधी ही परीक्षा करून बघा.

होल्डरमध्ये हिरवा किंवा पांढरा गंज धरला असेल तर बॅटरीची तार पुन्हा सोडा, मग बारीक पॉलिश पेपरने तो घासा. होल्डर ज्या पत्र्याला टेकतो ती जागाही घासा. वीज दिव्यातून त्या पत्र्यातूनच परत जाते. वाट बंद असेल तर नवा दिवासुद्धा लागणार नाही.

चांदीचा कागद नको

फ्यूज उडाला असेल तर तेवढ्याच आकड्याचा नवा घाला. पण थोडा हिशेब करू. ३ वॅटच्या दिव्याला १२ व्होल्टने भागा. पाव आला. म्हणजे एक दिवा पाव अँपियर वीज घेतो. चार दिवे मिळून १ अँपियर. फ्यूज याहून कितीतरी जास्त सोसतो. मग तो उडाला कशाने? या बारक्या दिव्यांनी नाही. कुठेतरी तार पत्र्याला घासून उघडी पडली असेल. नवा फ्यूजही लगेच उडाला तर हे नक्की समजा, आणि मिस्त्रीकडून ती जागा शोधून घ्या.

काही जण फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गुंडाळतात. दिवे लागतात, माणूस खूश होतो. पण फ्यूज तार वाचवण्यासाठी स्वतः जळतो. त्याला जळू दिले नाही तर तार जळते. तारेवरचे प्लॅस्टिक पेटते, तेही पाटीच्या मागे, जिथे हात पोचत नाही. त्याच बॉनेटखाली डिझेलची किंवा पेट्रोलची नळी असते. हे अगदी साधे गणित आहे.

दिवे वरचेवर उडत असतील तर दिव्याला दोष देऊ नका. १२ व्होल्टच्या गाडीचे इंजिन चालू असताना जोर साधारण १४ व्होल्ट असतो. बॅटरी भरायची तर तेवढा लागतो. पण चार्जिंगचा कटआऊट बिघडला तर जोर १५, १६ व्होल्टवर जातो. जोर थोडाच वाढला तरी दिव्याचे आयुष्य निम्म्याहून कमी होते. बॅटरीतले पाणीही लवकर आटते. दिवे उडतात आणि पाणीही आटते, असे दिसले की मिस्त्रीला मीटर लावून व्होल्ट मोजायला सांगा.

आता बाजारात एलईडीचे बारके दिवे मिळतात. ते कमी वीज खातात, तापत नाहीत. मीटरमागे चालतात. मात्र त्यांना सुलटी-उलटी बाजू असते. लागला नाही तर काढून उलटा करून घाला. एका जागी मात्र एलईडी घालू नका. पाटीवर बॅटरीच्या खुणेचा लाल दिवा असतो, चावी फिरवली की लागतो आणि इंजिन चालू झाले की विझतो. अल्टरनेटरच्या पुष्कळ गाड्यांत अल्टरनेटर जागा होण्यासाठी जी थोडी वीज लागते, ती याच दिव्यातून जाते. तिथे कमी वीज घेणारा एलईडी घातला तर अल्टरनेटर जागा होत नाही, आणि परळीला पोचेपर्यंत बॅटरी उतरलेली असते. तिथे जुन्याच जातीचा दिवा हवा.

नवा दिवा बसला, तार जोडली, की संध्याकाळी अंधार पडल्यावर गाडीत बसून बघा. चकतीवर सगळीकडे सारखा उजेड पडला पाहिजे. मंद करायची खुंटी असेल तर ती फिरवून पाटी मंदच ठेवा, काटा वाचता येईल इतकीच. पाटी फार उजळ ठेवली तर डोळे त्या उजेडाला सरावतात, आणि काचेपलीकडचा, अंगावर काळे कांबळे घेऊन रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस उशिरा दिसतो.